शब्द आपला, मोल त्यांचे

वृत्तपत्रांची क्रीडापाने नियमाने वाचणाऱ्या मराठी वाचकाला 'मर्डेका' हा शब्द अपरिचित नाही. क्वालालंपूर येथील मर्डेका फुटबॉल स्पर्धेत भारतीय संघ अनेकदा खेळला. १९५९ आणि १९६४ साली तर तो उपविजेता ठरला. हा शब्द कानावरून गेला, तेव्हा बहुतेकांनी ते एखाद्या मैदानाचे वा चषकाचे नाव समजून सोडून दिले. एखाद्या चौकस वाचकाला त्यात आपला 'मर्द' दिसला असेल. परंतु 'मर्द' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा येथे काहीही संबंध नाही. मर्देका म्हणजे स्वतंत्र. मलय आणि इंडोनेशियन भाषांतील हा सर्वांत तेजस्वी राजकीय शब्द आहे. आणि त्याचे मूळ शोधू जाता ते थेट संस्कृतात सापडते, हे समजल्यावर कोणत्याही भारतीयाला हर्ष होणे स्वाभाविक आहे.

मात्र हा हर्ष तेथेच थांबला, तर त्या शब्दाची खरी कथा समजत नाही. 'हा शब्द आमचा' एवढे म्हणून समाधान मानणे फार सोपे आहे. तो शब्द येथून निघाला तेव्हा त्याचा अर्थ काय होता, समुद्रापलीकडे कोणाकोणाच्या मुखातून तो फिरला, आणि अखेर एका राष्ट्राने त्याची कोणती किंमत मोजली, हे जाणून घेणे अधिक कठीण आणि अधिक उद्बोधक आहे.

मूळ शब्द आहे 'महर्द्धिक'. महा आणि ऋषी यांचा संधी होऊन जसा महर्षी होतो, तसा महा आणि ऋद्धी यांचा संधी होऊन महर्द्धी होतो. आणि ज्याच्यापाशी महान ऋद्धी आहे तो महर्द्धिक. ऋद्धी-सिद्धींसह विराजमान झालेला गणपती मराठी घरांना नवा नाही. त्यातलीच ही ऋद्धी. समृद्धी या नित्याच्या शब्दातही तीच आहे. महर्द्धिक म्हणजे वैभवसंपन्न, सामर्थ्यवान. बौद्धांच्या पाली ग्रंथांत हाच शब्द 'महिद्धिक' असा येतो आणि अलौकिक सामर्थ्य लाभलेल्या देवांना व सत्पुरुषांना तो लावला जातो. जैनांच्या प्राकृतातही त्याचे भावंड आहे. म्हणजे संस्कृत, पाली आणि प्राकृत या तिन्ही घरांत हा शब्द सुखाने नांदत होता. परंतु या तिन्हीपैकी एकाही घरात त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा नव्हता. ही गोष्ट प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. शब्द येथून गेला. अर्थ तेथे घडला.

तो गेला कसा? पूर्व बोर्निओतील कुताई येथे सात यूपस्तंभ सापडले आहेत. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे हे लेख इंडोनेशियातील सर्वांत जुने लेख मानले जातात. भाषा संस्कृत, लिपी दक्षिण भारतीय वळणाची. त्यांत मूलवर्मा या राजाच्या दानाचा गौरव आहे. त्याच्या पित्याचे नाव अश्ववर्मा. परंतु आजोबाचे नाव मात्र कुंडुंग, म्हणजे अस्सल स्थानिक. तीन पिढ्यांच्या या नावांत एका मोठ्या सांस्कृतिक घटनेचा सारांश आला आहे. मूलवर्मा बाहेरून आलेला विजेता नव्हता. तो तेथल्याच मातीतला राजपुत्र होता आणि त्याच्या घराण्याने संस्कृत नावे, यज्ञ आणि दानधर्म स्वेच्छेने स्वीकारला होता. व्हान ल्यूर या डच अभ्यासकाने १९३४ साली नेमका हाच मुद्दा मांडला, की तेथील राजसभांनी ब्राह्मणांना आणि विद्वानांना स्वतःहून पाचारण केले. व्यापाऱ्यांची गलबते, भिक्षूंची यात्रा आणि राजसभांचे निमंत्रण या तीन वाटांनी संस्कृत शब्द तेथे पोहोचले. या इतिहासाला अपवाद नाही असे नव्हे. राजेंद्र चोळाने १०२५ साली श्रीविजयावर आरमारी स्वारी केली होती आणि ती लपविण्याचे कारण नाही. पण त्या स्वारीच्या कितीतरी शतके आधी संस्कृत तेथे रुजली होती. श्रीविजयाचा ६८२ सालचा केदुकान बुकित लेख जुन्या मलय भाषेत आहे, त्यात संस्कृत शब्दांची रेलचेल आहे, आणि त्यावरचा कालनिर्देश आहे शके ६०४. मराठी पंचांगात आजही जो शक मोजला जातो, तोच हा.

किती शब्द गेले, याचे एकच प्रमाण पुरे आहे. योग्यकर्ता येथे राहून आयुष्यभर प्राचीन जावानीज भाषेचा अभ्यास करणारे डच धर्मगुरू झूटमुल्डर यांचा कोश १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पंचवीस हजारांहून अधिक नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या नोंदी संस्कृतोद्भव आहेत. त्या शब्दसमूहातच 'महार्दिक' आहे. पण जावामध्ये पोहोचेपर्यंत त्याच्या अर्थाची छटा बदलू लागली होती. केवळ धनवान वा बलवान नव्हे, तर ज्ञानाने आणि पुण्याईने श्रेष्ठ असा पुरुष, अशा अर्थाने तो येऊ लागला. आणि अशा पुरुषाला राजाकडून काय मिळत असे? करमाफी.

येथे या शब्दाच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे वळण येते. आपल्याकडे अग्रहार असत, देवस्थान इनामे असत. त्या गावांचा सारा राजाच्या खजिन्यात जात नसे, वेठबिगारीही त्यांना लागू नसे. जावामध्ये तशीच गावे होती. त्यांना 'पर्दिकान' म्हणत. पर्दिकान हा शब्द मर्दिक याच मुळापासून झालेला आहे. मंदिरे, मठ, पुढे पवित्र समाध्या आणि धर्मशिक्षणाच्या शाळा यांची देखभाल करणारी ही गावे करमुक्त असत. जावा इस्लाममय झाला तरी व्यवस्था तीच राहिली आणि नावही तेच राहिले. पूर्व जावातील पोनोरोगोजवळचे तेगालसारी हे इस्लामी विद्येचे अठराव्या शतकातील प्रसिद्ध केंद्र. तेही पर्दिकानच होते. उपासनापद्धती बदलली म्हणून त्या समाजाला आपला जुना शब्द टाकून द्यावासा वाटला नाही.

पुण्यवान म्हणून करमुक्त, करमुक्त म्हणून कोणाच्याही वेठीला न बांधलेला, आणि असा जो कोणाला बांधलेला नाही तो स्वतंत्र: अर्थाची ही वाटचाल अशी झाली असावी, असे अभ्यासक मानतात. या तर्काला शेजारच्या फिलिपाइन्समधून चांगला आधार मिळतो. तेथे हाच महर्द्धिक 'माहार्लिका' झाला. स्पॅनिश धर्मोपदेशक हुआन दे प्लासेन्सिया याने १५८९ साली तागालोग समाजाचे वर्णन लिहिले. त्यात माहार्लिका म्हणजे जन्मतः स्वतंत्र असणारे, दातू या आपल्या प्रमुखाला कर वा खंडणी न देणारे, मात्र युद्धप्रसंगी त्याच्यासोबत जाण्यास बांधलेले लोक, असे त्याने सांगितले आहे. म्हणजे कर न देणे हीच त्या शब्दाची खूण होती. पुढे तेथे या शब्दाला राजेशाहीचा खोटा मुलामा देण्यात आला. फर्डिनांड मार्कोस यांनी युद्धकाळातील आपल्या कथित गनिमी दलाला हेच नाव दिले, देशाचे नावही माहार्लिका करावे असा विचार पुढे केला. आणि २०२३ साली त्यांच्या पुत्राच्या राजवटीत सरकारी गुंतवणूक निधी याच नावाने स्थापन झाला. सत्तेला गौरवशाली शब्दांचा मोह नेहमीच पडतो. शब्दाचे खरे चरित्र ठाऊक नसले, की त्याच्यावर कोणतीही झूल चढवता येते.

इंडोनेशियात या शब्दाच्या वाट्याला झूल आली नाही, साखळी आली. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, हे आपले ठाणे वसविले. शहर बांधायला, गोदीत राबायला, गोऱ्यांच्या घरी पाणी भरायला गुलाम हवे होते. ते आणले कोठून? कोरोमंडलचा किनारा, मलबार, बंगाल आणि आराकान हे त्यांचे मोठे पुरवठ्याचे प्रदेश होते. दुष्काळात विकली गेलेली, चाचेगिरीत पकडली गेलेली भारतीय माणसे जहाजांतून बटाव्हियाच्या बाजारात उतरवली गेली. त्यांच्यापैकी ज्यांची पुढे मुक्तता झाली त्यांना डचांनी नाव दिले 'मार्देइकर'. हे मर्देकाचेच डच रूप. बहुतेक मार्देइकर ख्रिस्ती झालेले होते, पोर्तुगीज वळणाची बोली बोलत आणि नावेही पोर्तुगीज धारण करीत. जाकार्ताच्या उत्तरेस तुगू या वस्तीत त्यांचे वंशज आजही आहेत, आणि त्यांचे क्रोंचोंग संगीत आजही वाजते.

या प्रसंगातील विदारक विरोधाभास ध्यानी यावा असा आहे. एके काळी याच किनाऱ्यांवरून व्यापारी आणि विद्वान 'महर्द्धिक' हा वैभवाचा शब्द घेऊन गेले. हजार वर्षांनंतर त्याच किनाऱ्यांवरून माणसे गुलाम म्हणून नेली गेली, आणि आपल्याच पूर्वजांचा तो शब्द त्यांना परक्या भूमीत, परक्या धन्याच्या उच्चारात परत मिळाला. आता त्याचा अर्थ होता 'गुलामगिरीतून सुटलेला'. वैभवाचा शब्द मुक्तीचा शब्द झाला तो असा, माणसाच्या सर्वांत हीन अवस्थेला स्पर्श करून. ज्या समाजाला आपल्या सागरगामी पूर्वजांचा अभिमान वाटतो, त्याने या दुसऱ्या प्रवाशांनाही विसरता कामा नये. डच ईस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली ती १८६० साली.

माणूस सुटला, पण देश बांधलेलाच होता. विसाव्या शतकात हा शब्द व्यक्तीकडून राष्ट्राकडे आला. नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या इंडोनेशियन विद्यार्थ्यांनी १९२४ साली आपल्या नियतकालिकाचे 'हिंदिया पुत्र' हे नाव बदलून 'इंडोनेशिया मर्देका' असे ठेवले. 'हिंदिया पुत्र' हेही नाव संस्कृतच्या स्पर्शाचे होते, पण त्यात हिंदिया म्हणजे डचांची वसाहत होती. नव्या नावात देश स्वतःच्या नावाने उभा राहिला. त्याच गटातील मोहम्मद हत्ता यांच्यावर १९२८ साली हेग येथे खटला भरला, तेव्हा त्यांनी न्यायालयात केलेले बचावाचे भाषणही याच शीर्षकाने गाजले. १९३३ साली सुकर्णो यांनी स्वतंत्र इंडोनेशिया कसा साधावा यावर पुस्तिका लिहिली, तिच्याही नावात हाच शब्द होता. सुकर्णो हे नावच महाभारतातील कर्णावरून आलेले. लहानपणी आजारी पडणाऱ्या कुस्नो या मुलाचे नाव वडिलांनी बदलले आणि चांगला कर्ण तो सुकर्ण असे ठेवले. त्यांची आई बालीची. अशा घरातील माणसाच्या ओठी महर्द्धिकाचा वंशज असलेला शब्द यावा, यात नवल नाही. तथापि तो शब्द सभेतल्या शेवटच्या शेतकऱ्यालाही समजत होता, हे अधिक महत्त्वाचे. तो पंडितांच्या पोथीतून उचललेला नव्हता. पर्दिकान गावांतून आणि सुटलेल्या गुलामांच्या वस्त्यांतून तो शतकानुशतके बोलला जात होता.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, सुकर्णो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. ती घोषणा अवघ्या दोन वाक्यांची आहे. तिच्यात स्वातंत्र्यासाठी 'केमर्देकान' हा शब्द आहे. मूळ शब्दाच्या आधी 'के' आणि नंतर 'आन' लावून भाववाचक नाम करण्याची ही त्या भाषेची स्वतःची रीत. राष्ट्रासाठी 'बांग्सा' आहे, तो आपला वंश. दुसऱ्या दिवशी स्वीकारलेल्या राज्यघटनेची उद्देशिका स्वातंत्र्य हा सकल राष्ट्रांचा हक्क असल्याचे सांगून सुरू होते. त्या विधानात स्वातंत्र्य म्हणजे केमर्देकान, सकल म्हणजे 'सगाला' (मूळ आपला सकल), राष्ट्र म्हणजे बांग्सा, आणि हक्क म्हणजे अरबीतून आलेला 'हाक'. संस्कृत आणि अरबी शब्द एकाच वाक्यात, एकमेकांशी न भांडता बसले आहेत. त्या देशाच्या लोकसभेसारख्या संस्थांची नावे मजलिस, मुशावरा, रयत या अरबी मुळांची. मंत्री, भूपति, नगर हे शब्द संस्कृत मुळांचे. पक्ष आणि राजकारण यांचे शब्द डचांकडून आलेले. भूपति म्हणजे 'बुपाती' तेथे जिल्ह्याचा प्रमुख असतो, 'नगरा' म्हणजे राज्यसंस्था. पोलिसांना तर 'भायांकारा' म्हणतात! मजापहित साम्राज्यातील राजरक्षकांचे हे नाव. आपल्याकडील भयंकराशी त्याचे मूळ एकच असले तरी तेथे ते आदराचे आहे.

स्वातंत्र्याची घोषणा झाली, पण स्वातंत्र्य मिळाले नव्हते. डचांना वसाहत परत हवी होती. जपानी सैन्याची शस्त्रे उतरवून घेण्यासाठी आणि युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी ब्रिटिश फौजा उतरल्या, आणि त्या फौजांतील मोठा भाग होता हिंदी सैनिकांचा. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी पूर्व जावातील सुराबाया बंदरात ४९ वी हिंदी इन्फन्ट्री ब्रिगेड उतरली. तिच्यात राजपुताना रायफल्सच्या जोडीने मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांतून ज्या रेजिमेंटमध्ये पिढ्यानपिढ्या भरती होत आली, ती ही रेजिमेंट. २८ ऑक्टोबरला संघर्ष पेटला. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. १० नोव्हेंबरला पाचव्या हिंदी डिव्हिजनने शहरावर चढाई केली. विमाने आणि युद्धनौकांच्या तोफा तिच्या मदतीला होत्या. जवळजवळ तीन आठवडे सुराबाया गल्लीगल्लीतून लढले. हजारो इंडोनेशियन माणसे मेली. त्या गल्ल्यांतून उठणारी आरोळी एकच होती: मर्देका!

ज्यांच्या घरी गणपतीपुढे ऋद्धी-सिद्धींचे नाव घेतले जात होते, ज्यांच्या मातीत स्वराज्याचा मंत्र जन्मला होता, ती मराठी माणसे त्या आरोळीच्या समोर संगीन रोखून उभी होती. दोष त्या सैनिकांचा नव्हता. ते शिस्तीचे आणि शौर्याचे सैनिक होते, आणि त्यांच्यातलेही अनेक तेथे पडले. जाकार्तातील युद्धस्मशानात हिंदी सैनिकांच्या समाध्या आजही आहेत. काही हिंदी सैनिक तर शस्त्रांसह प्रजासत्ताकाच्या बाजूला जाऊन मिळाले. दोष होता पारतंत्र्याचा. परतंत्र देशाच्या शौर्याचा मालक दुसराच कोणी असतो, आणि तो त्याला आपल्याच शब्दाविरुद्धही लढायला लावू शकतो. पारतंत्र्याचा याहून नेमका अर्थ क्वचितच कोठे सापडेल. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळला जातो. त्याचे तेथील नाव 'हारी पाहलावान'. पाहलावान म्हणजे आपला पहिलवान; तेथे तो वीर होतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असल्यापासूनच भारताने या ऋणाची अंशतः फेड केली. जुलै १९४७ मध्ये डचांनी लष्करी कारवाई सुरू केली, तेव्हा ओरिसाचे धाडसी वैमानिक बिजू पटनाईक यांनी आपले विमान नेऊन सुतान शहरीर यांना डचांच्या वेढ्यातून बाहेर काढले. जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई देशांची परिषद भरली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व सोपवले. आणि एका महिन्याच्या आत, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून सुकर्णो दिल्लीत उपस्थित होते. पंचाहत्तर वर्षांनी, २६ जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्ष प्रबोवो सुबियान्तो त्याच सन्मानाने आले. जाकार्तातील डच गव्हर्नर जनरलचा जुना प्रासाद आता 'इस्ताना मर्देका' आहे, आणि त्याच्या समोरचे, डच ज्याला राजाचे मैदान म्हणत ते, 'मेदान मर्देका' झाले आहे. शेजारच्या मलायात ३१ ऑगस्ट १९५७ रोजी तुंकू अब्दुल रहमान यांनी हाच शब्द सात वेळा उच्चारून स्वातंत्र्य जाहीर केले. फुटबॉलची ती स्पर्धा त्याच घटनेच्या स्मृतीची.

परंतु शब्दाला एकदा जीव आला, की तो सत्तेच्या ताब्यात राहत नाही. १९६५ साली पापुआत उभ्या राहिलेल्या फुटीर संघटनेने आपल्या नावात 'पापुआ मर्देका' हेच शब्द घेतले. १९७६ साली आचेमध्ये 'आचे मर्देका'ची चळवळ उभी राहिली. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर, त्सुनामीच्या प्रलयानंतर, ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकी येथे तिचा समझोता झाला. ज्या शब्दाने प्रजासत्ताक जन्मले, तोच शब्द त्याच्या विरोधात उच्चारला गेला. राष्ट्राचे ऐक्य ही सर्वोच्च गोष्ट मानणाऱ्या कोणालाही हे अस्वस्थ करील. मात्र त्यातील बोधही घेतला पाहिजे. आचेच्या भूमीखालचा नैसर्गिक वायू जाकार्ताला समृद्ध करीत होता आणि आचेचा माणूस दरिद्री राहत होता, ही तेथील मोठी तक्रार होती. हेलसिंकीच्या करारात आचेला आपल्या नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मिळाला, आणि शस्त्रे खाली ठेवली गेली. बंदुकीने जे तीस वर्षांत साधले नाही, ते न्याय्य वाटपाने आणि स्वायत्ततेने साधले.

येथे आपण पुन्हा मूळ शब्दाशी येतो. महर्द्धिक या शब्दात मुक्ती नव्हती, ऋद्धी होती. समुद्रापलीकडे जाऊन त्याने मुक्ती मिळवली. पण ऋद्धी मागे पडली, तर मुक्ती अपुरी राहते, हे जणू त्या शब्दाच्या पोटातच लिहिलेले आहे. सुकर्णोंनाही ते ठाऊक होते. स्वातंत्र्य हा सोन्याचा पूल आहे आणि समाजाची नवी घडण त्या पुलाच्या पलीकडे करायची आहे, असा दृष्टान्त ते देत असत. १ जून १९४५ रोजी पंचशील मांडताना त्यांनी सामाजिक न्यायालाही त्यात स्थान दिले. पर्दिकान गावांची कथा या संदर्भात बोलकी आहे. शतकानुशतके काही थोड्या गावांना असलेली ती करमाफी नव्या प्रजासत्ताकाने १९४६ साली कायदा करून रद्द केली. जेव्हा सर्वच मर्देका झाले, तेव्हा मोजक्यांचे मर्देकापण संपले. स्वातंत्र्याचा याहून प्रांजळ अर्थ कोणता?

भारतानेही स्वातंत्र्यासाठी शब्द निवडले, तेही संस्कृतातूनच. शिवछत्रपतींचे स्वराज्य, लोकमान्यांचे स्वराज्य, स्वातंत्र्यवीरांचे स्वातंत्र्य. आपल्या शब्दांत 'स्व' आहे, त्यांच्या शब्दात 'ऋद्धी' आहे. एकाच भांडारातून दोन राष्ट्रांनी दोन वेगळी रत्ने उचलली. आपल्याला आपला स्व सापडला, पण त्या स्वातील शेवटच्या माणसापर्यंत ऋद्धी पोहोचली का, हा प्रश्न त्यांचा शब्द आपल्याला विचारतो. आणि त्यांच्यापाशी असलेल्या शब्दातील ऋद्धी पापुआच्या डोंगरदऱ्यांपर्यंत पोहोचली का, हा प्रश्न त्यांचा त्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

सांस्कृतिक वारशाविषयी बोलताना आपल्याकडे एक सवय जडली आहे. बोरोबुदूर, रामायणाची नृत्यनाट्ये, गरुडाचे राष्ट्रचिन्ह यांची यादी सांगायची, 'हे सर्व मूळचे आपलेच' असे म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या. अभिमान असावा, तो नसणे ही आत्मविस्मृती आहे. पण अभ्यासाविना अभिमान ही आत्मवंचना आहे. बीज येथले असले, तरी झाड तेथल्या मातीत, तेथल्या पावसात, तेथल्या माणसांच्या घामावर वाढले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत शब्दांचे ऐतिहासिक कोशकार्य चालू आहे. शब्दाचे घरातले चरित्र तेथे चिकाटीने लिहिले जात आहे. त्याच शब्दांचे परदेशातले चरित्र मात्र प्रामुख्याने डच विद्वानांनी लिहिले. प्राचीन जावानीज आणि इंडोनेशियन शिकणारे, तेथील लेख मुळातून वाचणारे तरुण मराठी घरांतून निघाले, तर त्या अभिमानाला खरा आधार मिळेल.

दरवर्षी १५ ऑगस्टला आपला ध्वज चढतो आणि दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, जावा-सुमात्रापासून बोर्निओपर्यंतच्या गावोगावी 'मर्देका'चा घोष होतो. तो ऐकताना प्रत्येक भारतीयाने मान ताठ ठेवावी, कारण तो शब्द आपल्या घरून गेला. आणि त्याच क्षणी ती मान किंचित लवावीही, कारण त्याचे मोल सुराबायाच्या गल्ल्यांत त्यांनी दिले, आणि त्या दिवशी आपली माणसे दुसऱ्याच्या हुकुमाखाली, दुसऱ्या बाजूला उभी होती.